बाईचा हात

मी कुठे काम करते असं कुणी विचारलं की मी 'रिसर्चमध्ये' एवढंच सांगत असे, आणि पुढचा प्रश्न यायच्या आत समोरच्याच्या मुलांचा विषय काढत असे. मुलांचा विषय निघाला की आपली माणसं अर्धा तास तरी दुसरं काही विचारत नाहीत.

ही नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. आम्ही टेक्सासमध्ये, शुगर लँडला राहत होतो. नवरा तेलकंपनीत इंजिनियर होता. मी नागपूरची, जनावरांची डॉक्टर, पण अमेरिकेत माझी पदवी चालत नव्हती. इथल्या परीक्षा द्यायच्या, त्याही टप्प्याटप्प्याने, आणि तोवर घरात बसायचं. घरात बसणं माझ्या रक्तात नाही. पहिल्या दोन महिन्यांत मी नवऱ्याशी इतकी भांडले, की शेवटी त्यानेच पेपरातली एक जाहिरात कापून फ्रिजवर चिकटवली. एका संशोधन केंद्रात प्राण्यांची देखभाल करायला माणूस हवा होता. केंद्र घरापासून सव्वा तासाच्या ड्राइव्हवर. प्राणी म्हणजे चिंपांझी.

आईला फोनवर सांगितलं. आमच्या आजोबांच्या पिढीने गावातली मेलेली ढोरं ओढणं ठरवून सोडलं होतं आणि त्यासाठी मारही खाल्ला होता. त्यांची नात शिकून जनावरांना बरं करणारी डॉक्टर झाली, याचा आईला कोण अभिमान. "मग तिथं काय करतेस तू?" तिने विचारलं.

"पिंजरे धुते. खायला घालते. बाकी शिकतेय."

"आणि ती माकडं बरी होतात का?"

"आई, ती आजारी नाहीयेत."

"मग?"

आवाज नीट येत नाही असं सांगून मी फोन ठेवून दिला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

कामावर रुजू होतानाच मला काविळीची लस घ्यावी लागली, हेपॅटायटिस बीची. तिथे त्याच जातीच्या आजारांवर काम चालायचं, त्यामुळे एखादा प्राणी चावला किंवा त्याने ओरबाडलं तर आम्हाला काही होऊ नये म्हणून. टोचणारी नर्स कौतुकाने म्हणाली की ही लस माणसांना द्यायच्या आधी चिंपांझींवरच तपासली होती. म्हणजे माझ्या दंडात जे गेलं ते आधी यांच्याच कुणा भाऊबंदाच्या दंडात गेलं होतं. हे मी मुद्दाम आधी सांगते आहे. पुढे मी जे रागावून बोलणार आहे ते बोलायचा मला कितपत अधिकार आहे, ते वाचणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

चिंपांझीचं रक्त घ्यायची तिथे एकच रीत होती. बंदुकीतून भुलीची सुई मारायची. बंदूक घेतलेला माणूस दारात दिसला की सगळी इमारत किंचाळायला लागे. ज्याची पाळी नसेल तोही जाळीवर आपटून घेई. ज्याची असेल तो वर चढून कोपऱ्यात अंग आवळून बसे, आणि सुई मांडीत रुतली की ती उपटून आमच्यावर भिरकावी. मग हळूहळू त्याचा हात सुटे आणि तो वरून खाली पडे. ते पडणं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मास्कच्या आतच मला उलटी झाली. त्यानंतर उलटी झाली नाही. माणसाला कशाचीही सवय होते, आणि सवय झाल्याचा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही.

आमचा सुपरवायझर साठीला टेकलेला होता. गुरांच्या रँचवर वाढलेला, हॅट घालणारा, कमी बोलणारा माणूस. मला तो 'डॉक' म्हणायचा. तिथे मला डॉक्टर म्हणणारा तो एकटाच. बंदुकीचा त्याला तिटकारा होता. घोड्याला मारून खोगीर घालणारा माणूस आळशी असतो, असं तो म्हणे. त्याच्या डोक्यात एक कल्पना होती: पिंजऱ्याच्या जाळीला एक लोखंडी नळी बसवायची, खालून फट असलेली. चिंपांझीने आपण होऊन नळीत हात घालायचा, टोकाचा दांडा धरायचा, आणि आपण फटीतून रक्त घेईपर्यंत धरून ठेवायचा. बदल्यात द्राक्षाचा रस. वरचे लोक हसले, पण एका प्राण्यावर करून पाहा म्हणाले. ते काम त्याने माझ्याकडे दिलं. ज्या प्राण्यावर करून पाहायचं, ती बाई.

कागदावर तिला एक नंबर होता आणि कुणीतरी ठेवलेलं एक लाडिक इंग्रजी नाव. ते नाव तिला अजिबात शोभत नव्हतं. मी तिला बाई म्हणत असे. वर्ग शांत होईपर्यंत एक शब्दही न बोलणाऱ्या शाळेतल्या बाईंसारखा तिचा चेहरा होता. वय तिशीच्या पुढेमागे. आफ्रिकेत पिल्लू असताना पकडून आणलेली. इथे तिला पिल्लं झाली आणि ती एकेक करून नर्सरीत नेली. तिच्यावर आधी जे प्रयोग झाले होते त्यांत काविळीचा कुठलाही विषाणू तिला दिला गेला नव्हता, म्हणून ती मोकळ्या अंगणाच्या पिंजऱ्यात आणखी तिघींबरोबर राहायची. त्यांतली एक फार म्हातारी होती. बाई रोज सकाळी तिच्या पाठीवरचे केस एकेक बाजूला करून निवडत बसायची, आणि ते काम संपेपर्यंत आमच्याकडे बघायचीही नाही. मी ताटकळत उभी राहायची. दुसऱ्या कुणासाठी मी इतकी थांबले असते तर नवऱ्याने पेढे वाटले असते.

शिकवण्याचे नियम एका कार्डावर छापलेले होते. हात हवा तर 'आर्म' म्हणायचं, धरून ठेवायला 'होल्ड'. शब्द बदलायचा नाही, आवाज बदलायचा नाही, म्हणजे उद्या दुसरा माणूस आला तरी प्राण्याला कळेल. पहिल्या दिवशी मी कार्डाप्रमाणे 'आर्म' म्हटलं आणि मलाच हसू आलं. जन्मभर मी बैलांशी, म्हशींशी, बिथरलेल्या कुत्र्यांशी मराठीत बोलत आले होते. जनावराच्या अंगाला हात लागायची वेळ आली की माझ्या तोंडून दुसरं काही निघतच नाही. तिथे आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "दे गं बाई."

मग तेच ठरून गेलं. 'दे' म्हटलं की हात. 'धर' म्हटलं की दांडा. 'थांब' म्हटलं की सुई निघेपर्यंत हलायचं नाही. 'शाब्बास' म्हटलं की रस. रोजच्या फॉर्मवर मात्र मी कार्डातलेच इंग्रजी शब्द लिहीत असे: 'आर्म'ला प्रतिसाद दिला, 'होल्ड'ला प्रतिसाद दिला. खोटं लिहितोय असं मला वाटलंच नाही. घरी मराठी, कागदावर इंग्रजी, ही आपल्या लोकांची जुनी सवय. ती चूक आहे हे कळायला पुढे बरेच दिवस जावे लागले.

आठ महिने गेले. आधी बाईने नळीत नुसतं एक बोट घातलं. मग मनगटापर्यंत हात. मग दांडा धरला, पण मी जवळ आले की सोडून दिला. मी सुईचं टोपण तिच्या कातडीला नुसतं टेकवायची, रस द्यायची, परत टेकवायची. एका सकाळी मी खरी सुई घातली. तिने सुईकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. ओठ गच्च मिटले होते, पण दांडा सोडला नाही. सिरिंजमध्ये रक्त चढलं तरी तिचा हात स्थिर होता. मागे उभ्या असलेल्या सुपरवायझरने हॅट छताकडे उडवली. मी तिथेच रडले. मास्क, चष्मा आणि त्यावर प्लॅस्टिकचा पडदा, त्यामुळे डोळे पुसताही येईनात. इतकी खुश मी त्या देशात पुन्हा कधी झाले नाही.

दोन महिन्यांनी तिची निवड झाली.

हेपॅटायटिस सीवरचा एक मोठा अभ्यास सुरू होणार होता. त्यासाठी आतापर्यंत काविळीचा विषाणू न दिलेले चिंपांझी हवे होते. त्यांना संसर्ग करायचा, एकेकाला वेगळ्या इमारतीत एकटं ठेवायचं आणि दर आठवड्याला रक्त घ्यायचं. प्रत्येक वेळी भूल दिली तर रक्ताचे आकडे बिघडतात, म्हणून भुलीवाचून रक्त देणारा प्राणी मिळाला तर सोन्याहून पिवळं. यादीत पहिलं नाव बाईचं. मी आठ महिने जे प्रेमाने शिकवलं, त्यानेच तिला यादीत सगळ्यांच्या वर नेऊन ठेवलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात तिचा होता आणि तो दाखवला मी होता. त्या दिवशी मी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन स्टीअरिंगवर मुठी आपटल्या.

"मग डायरेक्ट सांग ना त्यांना," नवरा जेवताना म्हणाला. "एक्सप्लेन कर. नो म्हण."

"माझा नो कोण ऐकतंय? टेक्निशियन आहे मी तिथे."

"मग सोड ना जॉब. परीक्षांचा अभ्यास कर."

"मी सोडल्यावर ती सुटणार आहे का?"

यावर त्याने भात वाढून घेतला. बिचाऱ्याचं चुकलं काहीच नव्हतं, पण मला त्या भाताचाही राग आला.

महिन्यातून एका रविवारी नागपूर-औरंगाबादकडची आम्ही चार घरं एकत्र जमत असू. बुद्धवंदना, पंचशील, मग जेवण. कुठल्याही जिवाला इजा करणार नाही, हे पहिलंच शील. सुरुवातीला मी ते मोठ्याने म्हणायची. त्या रविवारी माझे नुसते ओठ हलले. त्या घरच्या काकू आमच्या सगळ्यांत आधी अमेरिकेत आलेल्या. धाकट्या मुलाच्या वेळी त्यांना रक्त चढवलं होतं, आणि इतक्या वर्षांनी कळलं की त्या रक्तातून हेपॅटायटिस सी आला. लिव्हर खराब होत चाललं होतं. डॉक्टरांनी दिलेली इंजेक्शनं त्यांना सोसली नाहीत. जेवणानंतर मी भांडी विसळत होते तेव्हा त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्याकडे त्या सीवर काही चालू होतंय ना गं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं, काकू?"

"तुझ्या नवऱ्यानं. त्याच्या तोंडात तीळ भिजतो का?"

मग मी त्यांना सगळं सांगायला सुरुवात केली. बाई, नळी, रस, म्हातारीच्या पाठीवरचे केस, आणि आता ती एकटी कुठे जाणार ते. निम्म्यावर काकूंनी माझ्या ओल्या मनगटावर हात ठेवला.

"पुरे," त्या म्हणाल्या. "मला नको सांगूस पुढचं. मला औषध हवंय गं. ऐकत बसले तर नकोसं होईल."

त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर झाला होता. मी नळ बंद केला आणि उरलेली भांडी नुसतीच पुसत राहिले.

तरीही मी ठरवलं. बाई गेली नाही तर दुसरी कुणी तरी जाणार, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण दुसरीला मी शिकवलं नव्हतं. निवडीवर शेवटचा शिक्का बसायच्या आधी अभ्यासाचे प्रमुख शास्त्रज्ञ स्वतः येऊन ती हात देते का ते पाहणार होते. तिथेच मला उपाय सापडला. मी कार्डाप्रमाणे वागायचं. 'आर्म' म्हणायचं, 'होल्ड' म्हणायचं, जे फॉर्मवर लिहिलं होतं तेच. बाईला त्यातलं काहीच कळणार नाही. ती हात देणार नाही, आणि यादीत खाली जाईल. नियम मोडला असं कुणी म्हणू शकणार नाही, कारण मी आयुष्यात पहिल्यांदा नियम पाळणार होते.

बुधवारी सकाळी ते आले. मऊ आवाजाचे, सभ्य, चाळिशीचे गृहस्थ. सोबत वेगळ्या इमारतीतला एक टेक्निशियन. सुपरवायझर भिंतीशी उभा. त्याने त्या दिवशी नवा शर्ट घातला होता. हे जमलं तर सगळ्या इमारतींतून बंदूक जाईल, असं तो आठवडाभर म्हणत होता, आणि त्याच्याकडे बघायची मला लाज वाटत होती. बाई म्हातारीला सोडून जाळीशी आली आणि नळीजवळ बसली. तिला वाटलं रोजचंच.

"आर्म," मी म्हटलं.

बाई माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा म्हटलं. तिने नळीकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या रसाच्या बाटलीकडे, मग पुन्हा माझ्या तोंडाकडे. मान जराशी वाकडी केली. मी काही बोलायचं विसरले आहे, ते मला आठवावं म्हणून ती वाट बघत होती. मी तिसऱ्यांदा 'आर्म' म्हटलं. तिने खाजवलं आणि नजर वळवली. शास्त्रज्ञांनी वहीत काही तरी लिहिलं आणि समजूतदारपणे मान हलवली. सुंठीवाचून खोकला गेला, असं मी मनात म्हटलं. मी मनातून नाचत होते.

आणि मागून आवाज आला. "डे गं बाय."

सुपरवायझर पुढे आला होता. हॅट काढून छातीशी धरली होती. एखाद्या घाबरलेल्या शिंगराशी बोलावं तसं तो अगदी हळू बोलला. "डे गं बाय," त्याने पुन्हा म्हटलं. बाईने त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग तिने हात नळीत घातला.

"ढर," तो म्हणाला. तिने दांडा धरला. "टांब." ती थांबली.

आठ महिने तो अधूनमधून माझ्या मागे येऊन उभा राहत होता. त्याने ते चारही शब्द ऐकून ऐकून पाठ केले होते, आणि मला कधी कळू दिलं नव्हतं. त्याला वाटलं, मोठ्या माणसांसमोर मी गांगरले आणि माझे शब्द विसरले. तो मला सांभाळून घेत होता. त्याने वळून मला डोळ्याने खूण केली: सुई घाल. शास्त्रज्ञ बघत होते. बाई हात धरून थांबली होती. मी सुई घातली. रक्त आलं. शेवटी "शाब्बास" म्हणायचं होतं तेही तोच म्हणाला, आणि बऱ्यापैकी बरोबर म्हणाला.

शास्त्रज्ञांना ते फारच आवडलं. कुठली भाषा, त्यांनी विचारलं. मग त्यांनी ते चार शब्द इंग्रजी अक्षरांत एका कार्डावर लिहून घेतले, म्हणजे वेगळ्या इमारतीतल्या लोकांना पाठ करता येतील. स्पेलिंग मलाच सांगावं लागलं.

पार्किंगमध्ये मी त्या म्हाताऱ्या माणसावर ओरडले. तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला, माझं सगळं बिघडवलंत, मी मुद्दाम करत होते, तुम्हाला एवढंही कळत नाही. इंग्रजीत रागावणं मला कधी जमलं नाही, पण त्या दिवशी जमलं. ऊन डोक्यावर होतं आणि हॅट त्याच्या हातात तशीच होती.

"आधी सांगायचंस ना, डॉक," तो शेवटी म्हणाला. "मी ते शब्द विसरलो असतो."

माझा राग तिथल्या तिथे गेला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. मी त्याला का सांगितलं नाही? तो गोरा, तो सुपरवायझर, तो त्यांचाच माणूस, म्हणून. मला डॉक्टर म्हणणाऱ्या एकुलत्या एक माणसाला मी त्यांच्यात धरलं होतं. मी सॉरी म्हटलं. त्याने मान हलवली आणि हॅट घातली.

पुढच्याच महिन्यात बाईला नेलं. नेलं त्या दिवशी मी रजा घेतली होती. परत आले तेव्हा म्हातारी दाराशी बसून होती, आणि बरेच दिवस ती सकाळी तिथेच बसायची. बाईने निवडलेली तिची पाठ आता विस्कटलेली राहायची. बाकीच्या दोघींनी तिला कधी हात लावला नाही.

दर गुरुवारी वेगळ्या इमारतीत येऊन रक्त घ्यायला मदत करशील का, असं मला विचारलं गेलं. मी नाही म्हटलं. माझ्या हाताने हे होणार नाही, असं ताठ मानेने सांगितलं, आणि घरी जाऊन नवऱ्यालाही तसंच सांगितलं. मला वाटलं, एवढं तरी मी स्वच्छ राहिले. सुपरवायझर मात्र गुरुवारी जात राहिला. दोन-तीन आठवडे बाईने त्याला हात दिला. मग त्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या इमारतीतले लोक कार्डावरचे शब्द वाचून दाखवायचे. बाई मागच्या भिंतीला टेकून बसून राहायची. मग त्यांनी पुन्हा बंदूक बाहेर काढली. हे मला सुपरवायझरनेच काठी टेकत येऊन सांगितलं. मला दोष दिला नाही. तू एकदा जाऊन तरी ये, एवढंच म्हणाला.

मी गेले. गुरुवार होता, हे मी विसरले होते असं म्हणायला मला आवडलं असतं.

पायांत रबरी बूट, अंगावर कागदी झगा, हातमोजे दोन-दोन. आत एक लांब खोली, ओळीने पिंजरे, एका कोपऱ्यात टीव्ही लावलेला. अंगण नाही, माती नाही. बाई मागच्या भिंतीशी बसली होती. तिच्या डाव्या मांडीवर सुयांचे डाग होते, जुने आणि नवे. काय बोलायचं ते मी गाडीत सव्वा तास ठरवत आले होते. माफ कर म्हणणार होते. तिला कळणार नाही हे माहीत असूनही म्हणणार होते. माझ्या तोंडावर मास्क होता, चष्मा होता, पडदा होता. तरी तिने ओळखलं. ती उठली, सावकाश पुढे आली, तिथल्या जाळीला बसवलेल्या तशाच नळीजवळ बसली, आणि मी एक अक्षरही बोलले नसताना तिने हात आत घातला.

माझ्याकडे सुई नव्हती. रसही नव्हता. तिने दांडा धरला आणि वाट बघत राहिली.

मागून त्या इमारतीतला टेक्निशियन आला. त्याच्या हातात बंदूक होती. बाईचा हात बघून तो थबकला आणि त्याने बंदूक टेबलावर ठेवली. "थँक गॉड," तो म्हणाला. "तिला तशीच ठेव. मी सुई आणतो."

मी तिथून निघून जाऊ शकत होते. मी गेले असते तर टेबलावरची बंदूक त्याने पुन्हा उचलली असती. बाई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"थांब," मी म्हटलं.

ती थांबली. सुई मीच घातली, कारण माझा हात त्याच्यापेक्षा हलका होता. तिने ओठ मिटले, पण हलली नाही. रक्ताच्या तीन नळ्या भरल्या. रस त्याने आणून दिला आणि मी पाजला. 'शाब्बास' मला म्हणता आलं नाही, पण ती त्याच्यावाचूनही प्यायली.

माफी मागायला गेले होते, रक्त काढून परत आले. पुढच्या गुरुवारी मला कुणीही बोलावलं नाही. मीच गेले.